मिस्त्रींच्या स्वभावातला फरक

मिस्त्रींनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "वा. छान झालाय."

मिस्त्रीणबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

यात बाईंचं काही चुकलं असं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मिस्त्रींनी चहाला जास्तीत जास्त "ठीक" म्हटलं होतं, तेही पाहुण्यांसमोर. एरवी तो पांचट तरी असायचा, नाही तर उकळून उकळून त्याचा काढा तरी झालेला असायचा. मिस्त्री एका लिफ्ट कंपनीत मेकॅनिक होते आणि कंपनीत त्यांना नकारघंटा म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला शब्द "नाही" असायचा. गोष्ट काय आहे ते मग सवडीने ऐकायचे. लेकीने लग्न ठरवलं तेव्हा आधी नाही म्हणाले आणि मग मुलगा कोण ते विचारलं. बाईंनी शिवणाचं मशीन घ्यायचं काढलं तेव्हाही नाहीच म्हणाले, आणि मशीन घरात आल्यावर दर रविवारी त्याला तेल घालत बसले.

कामावर मात्र ही नकारघंटा सोन्याची होती. लिफ्टचे दोर, ब्रेक, दरवाज्यांची कुलपं तपासायची आणि लिफ्ट चालवायला योग्य आहे की नाही ते सांगायचं, हे मिस्त्रींचं काम. इमारतींचे सेक्रेटरी त्यांच्या हातापाया पडत. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांचे गुडघे, बाळंतिणी, सगळं सांगून बघत. मिस्त्री "बंद" असा फलक दाराला अडकवून चालते होत. लोक त्यांच्या नावाने बोटं मोडत जिने चढत. पण मिस्त्रींनी पास केलेल्या लिफ्टमध्ये कुणाचं साधं बोटही कधी चेमटलं नव्हतं.

अशा माणसाची लिव्हर खराब निघाली. दारूच्या थेंबाला ते कधी शिवले नव्हते; दारूलाही त्यांनी पहिल्याच भेटीत नाही म्हणून सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, नुसत्या चरबीनेही होतं. पण लिव्हर म्हटलं की ऐकणारा एकदा डोळे बारीक करून बघतोच. सख्ख्या नणंदेने बाईंना बाजूला घेऊन विचारलं होतं, "खरं सांग, दादा कुठे बसतो?" बाई म्हणाल्या, "लिफ्टच्या खड्ड्यात बसतात. कामाला." नणंदेचा विश्वास बसला नाही.

तर असं सगळं चालू असताना चहा छान झाला. दोन दिवसांनी मिस्त्री रस्ता ओलांडताना बाईंचा हात धरून चालले. मग बाईंच्या बहिणीकडे जायला तयार झाले, आणि तिथे बहिणीच्या नवऱ्याचे तेच ते विनोद ऐकून हसले. बाईंनी फार खोलात जायचं नाही असं ठरवलं. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात, आपल्याही वाट्याला थोडं आलं, असं म्हणून त्या खूश होत्या.

याच सुमारास रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरणीने मिस्त्रींना गाठलं. ती संशोधन करत होती. लिव्हरच्या जुन्या दुखण्याचा मेंदूवर काय परिणाम होतो, हे तिला एमआरआय काढून बघायचं होतं.

"काका, लिव्हर म्हणजे रक्ताची गाळणी," ती म्हणाली. "गाळणी बिघडली की अमोनिया रक्तात राहतो आणि मेंदूपर्यंत जातो. माणूस वरून एकदम ठीक दिसतो. पण आत काहीतरी सुरू झालेलं असतं. ते घरच्यांच्या लक्षात येण्याआधी आम्हाला मशीनमध्ये पकडायचंय. दर काही महिन्यांनी यावं लागेल. याल का?"

"हो, येईन की," मिस्त्री म्हणाले.

बाईंच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. एरवी मिस्त्रींनी त्या मुलीला आधी मशीनची शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली ते विचारलं असतं, आणि मग नाही म्हटलं असतं.

तुलनेसाठी त्याच वयाचं, त्याच घरात तेच खाणारं निरोगी माणूसही हवं होतं, म्हणून बाईंनाही मशीनमध्ये घातलं. आत भिंतीला ड्रिल मारल्यासारखा आवाज येत होता आणि हलायचं नव्हतं. बाईंनी पडल्या पडल्या एका गिऱ्हाइकाच्या पडद्यांचं कापड मनातल्या मनात बेतून टाकलं. बाहेर आल्यावर मशीन चालवणारा म्हणाला, "बाई, तुमच्या मेंदूत काही नाही."

"हे यांनी मला लग्नानंतर आठवड्यातच सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

मिस्त्री शेजारीच होते. ते म्हणाले, "मी असं म्हटलं? मूर्खच आहे मी." बाईंना भरून आलं.

मग कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने पेन्सिलीने जोडायची परीक्षा झाली. बाईंनी ती टाका घालावा तशी भराभर उरकली. मिस्त्री बराच वेळ रेंगाळले, पण त्यांच्या रेघा फार सुबक होत्या आणि पेन्सिल परत करताना त्यांनी डॉक्टरणीला धन्यवाद दिले. ती म्हणाली, इतका गुणी पेशंट तिला अजून मिळाला नव्हता.

शेवटी तिने बाईंना बाजूला बसवून विचारलं, "काकू, काकांच्या स्वभावात, वागण्यात काही फरक?"

"खूप फरक पडलाय!" बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता.

आता फरक हा शब्द दवाखान्यात शिरला की त्याचा एकच अर्थ उरतो. गोळ्यांनी फरक आहे, खोकल्याला फरक नाही, असं डॉक्टरीण बाह्यरुग्ण विभागात दिवसभर ऐकत आलेली. शिवाय समोरची बाई हसत होती. तिने कॉम्प्युटरवर "सुधारणा" असं टाकलं. पुढच्या खेपेला तिने तेच विचारलं आणि बाई म्हणाल्या, "आता तर काय विचारूच नका, आणखी फरक पडलाय." तिने "लक्षणीय सुधारणा" टाकलं.

यामुळे संशोधन करणाऱ्यांची झोप उडाली. कारण मिस्त्रींच्या मेंदूच्या चित्रात मधोमध दोन्ही बाजूंना जे पांढुरके डाग होते, ते दर खेपेला आणखी उजळ दिसत होते. आकडे जोडायला दर खेपेला आणखी वेळ लागत होता. आणि घरून मात्र सुधारणा. मोठ्या डॉक्टरांनी सगळा दोष मशीनवर ढकलला. मशीनचा इंजिनिअर आला, त्याने दोन दिवस ते उघडून बघितलं आणि मशीन उत्तम असल्याचं सांगितलं. मग पेशंटांची अदलाबदल झाली का ते तपासलं. मग मोठे डॉक्टर म्हणाले की कदाचित हे काहीतरी नवीनच असेल, आणि एका परिषदेत यावर बोलायची तयारी करायला लागले.

डॉक्टरणीला मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं. तिने बाईंना एकटीलाच बोलावलं.

"काकू, फरक पडलाय म्हणजे नक्की काय झालंय?"

बाईंनी सांगायला सुरुवात केली. चहा छान म्हणतात. कशालाही हो म्हणतात. परवा भाजी करपली तर म्हणाले असू दे, तू दमली असशील. बहिणीकडे जातात. रागावतच नाहीत. दुपारी मस्त झोपतात. एखादी गोष्ट सांगितली की मन लावून ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा विचारतात, म्हणजे किती गोडी लागली असेल बघा.

डॉक्टरीण टाइप करायची थांबली. तिने पुसायची कळ दाबून धरली आणि "लक्षणीय सुधारणा" एकेक अक्षराने नाहीशी झाली.

"काकू," ती म्हणाली, "तो आजार आहे."

"कुठला?"

"तुम्ही आत्ता सांगितलात तो."

डॉक्टरीण खरंच चांगली मुलगी होती, तिला वाईट वाटत होतं. काहींचा स्वभाव यात चिडका होतो, काहींचा असा शांत होतो, ती म्हणाली. उपाय होता. एक पातळ, चिकट औषध रोज घ्यायचं. त्याने पोट दिवसातून दोन-तीनदा साफ होतं आणि अमोनिया बाहेर पडतो. लवकर सुरू करायला हवं. "हे वाढत जातं, काकू," ती म्हणाली. बाईंच्या मनात आलं, आहे हे इतकं छान, अजून वाढलं तर काय बहार होईल. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली आणि त्यांनी बाटली पिशवीत टाकली.

बाटली घरी फडताळात गेली. बाईंनी ती फेकली नाही की लपवली नाही. पण औषध कसं आठवड्याच्या सुरुवातीला सुरू केलेलं बरं. आठवडा सुरू झाला तेव्हा बहिणीकडे जायचं होतं, आणि असलं पोट साफ करणारं औषध घेऊन कुणाच्या घरी जाणं बरं दिसत नाही. मग पडद्यांची मोठी ऑर्डर आली. मिस्त्रींना विचारावं तर ते म्हणत, "तू म्हणशील तसं." बाटली फडताळातच राहिली.

त्या दिवसांत एकदा संध्याकाळी बागेतल्या बाकावर मिस्त्रींनी विचारलं, "तुला लहानपणी काय व्हायचं होतं गं?"

हे बाईंना आजवर कुणीही विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं की त्यांना नाटकातल्या लोकांचे कपडे शिवायचे होते. राजाचे, राणीचे, भुताचेसुद्धा. आई म्हणाली, असल्या लोकांत जायचं नाही, मग त्या पडदे शिवायला लागल्या. मिस्त्रींनी सगळं ऐकलं, भुताचे कपडे कसे शिवणार होतीस ते विचारलं, आणि त्यांचा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर त्यांनी पुन्हा विचारलं, "तुला लहानपणी काय व्हायचं होतं गं?" बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशीही सांगितलं. सांगता सांगता त्यांना रडू आलं, आणि मिस्त्रींनी का रडतेस ते विचारलं नाही, कारण तोवर त्यांना झोप लागली होती.

मग एके दुपारी मिस्त्रींचा कामावरचा जोडीदार घरी आला. मिस्त्री आत झोपले होते. जोडीदार दारातच उभा राहिला, पाणीही नको म्हणाला.

"वहिनी, मिस्त्रींनी काल एक लिफ्ट पास केली."

"मग? चांगलं झालं की."

"दार उघडं असताना चालत होती ती. मी सहज चावी परत द्यायला गेलो होतो. एक बाई बाबागाडी आत ढकलत होती आणि लिफ्ट निघाली वर. मी थांबवायचं बटण दाबलं म्हणून." त्याने बटण दाबल्यासारखं बोट पुढे केलं आणि ते तसंच राहिलं. "बाबागाडीचं पुढचं चाक गेलं. मूल ठीक आहे. मी दाराला बंदचा फलक अडकवून आलोय, कंपनीत अजून काही बोललो नाही. पण मिस्त्री असं कसं करतील, वहिनी? मिस्त्री?"

तो गेल्यावर बाईंनी मशीनवरचा अर्धवट शिवलेला पडदा काढून बाजूला ठेवला. मग आत जाऊन मिस्त्रींना उठवलं.

"अहो, काल ती लिफ्ट का पास केलीत?"

मिस्त्रींनी आठवून पाहिलं. "सेक्रेटरी फार गयावया करत होता गं. वाईट वाटलं."

"अहो, तुम्ही आजारी आहात. औषध आहे त्यावर. ते घेतलं की तुम्ही पहिल्यासारखे व्हाल."

"पहिला कसा होतो मी?"

बाई बोलायला लागल्या, आणि एकदा लागल्यावर थांबणं त्यांना जमेना. कशालाही आधी नाही म्हणायचात. चहाला नावं ठेवायचात. माझ्या माणसांकडे यायचं म्हटलं की तुमचं डोकं दुखायचं. लेक सासरी जाताना सगळे रडत होते आणि तुम्ही मांडववाल्याशी तार उघडी ठेवली म्हणून भांडत होतात. मी आजारी पडले की औषध आणून द्यायचात, पण कशी आहेस म्हणून विचारायचा नाहीत. एकदासुद्धा नाही.

मिस्त्रींनी मान हलवत सगळं ऐकलं. त्यांचे डोळे पाणावले होते.

"असल्या माणसाबरोबर तू राहिलीस कशी?" ते म्हणाले.

"राहिले," बाई म्हणाल्या. "त्याच्या लिफ्टमध्ये कधी कुणी मेलं नाही."

"मग दे औषध. तू म्हणशील तसं."

बाईंनी बाटली काढली. बूच घट्ट बसलं होतं, ते मिस्त्रींनीच हसत उघडून दिलं. एका जिवंत माणसाला आपण निरोप देतोय आणि तोच आपल्याला मदत करतोय, असं बाईंना वाटलं, आणि त्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

औषधाने आपलं काम केलं. पहिले काही दिवस मिस्त्रींचा मुक्काम संडासातच होता, त्याबद्दल जास्त बोलण्यात अर्थ नाही. मग दुपारची झोप गेली. मग एका सकाळी त्यांनी चहाचा घोट घेतला, कपाकडे बघितलं आणि म्हणाले, "हे काय आहे?" त्याच दिवशी ते कामावर गेले, त्या लिफ्टला टाळं ठोकलं, सेक्रेटरीला चार लोकांत फैलावर घेतलं, आणि ती आपणच पास केली होती हे साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं. साहेबांनी मिस्त्रींच्या रिटायरमेंटची तारीख अलीकडे ओढली. मिस्त्री म्हणाले, बरोबर आहे, तुमच्या जागी मी असतो तर मला आजच काढून टाकलं असतं.

रुग्णालयात आनंदीआनंद झाला. मेंदूच्या चित्रातले डाग अजून होते, त्यांना जायला वेळ लागतो म्हणे, पण आकडे मिस्त्रींनी झरझर जोडले आणि छपाई तिरकी आहे म्हणून कागद परत केला. मशीनमध्ये जाण्याआधी शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली ते विचारलं. डॉक्टरणीला अर्धा तास उभं करून लिव्हरपासून मेंदूपर्यंत सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. ती घामाघूम होऊन बाहेर आली आणि बाईंना म्हणाली, "काकू, अभिनंदन!" मोठ्या डॉक्टरांनी परिषदेतलं भाषण रद्द केलं.

मधल्या महिन्यांतलं मिस्त्रींना फारसं काही आठवत नव्हतं. बाग आठवत होती, बाक आठवत होता, बोलणं नाही. बाईंनी एकदा चाचपून पाहिलं. "मला लहानपणी काय व्हायचं होतं, सांगा."

"मला काय माहीत," मिस्त्री म्हणाले. "कधी बोललीस?"

बाई घरात पहिल्यासारख्याच वावरत होत्या, पण त्यांचं माणूस गेलं होतं. आणि दुखवटा करायची सोय नव्हती, कारण ते माणूस समोर बसून भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगत होतं. लेकीला फोनवर सांगायला गेल्या तर ती म्हणाली, "आई, बाबा बरे झाले ना? मग तुझं काय बिनसलंय?"

मिस्त्री रिटायर झाले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरातले सगळे प्लग उघडून बघितले आणि निम्मे बाद ठरवले. एका दुपारी बाई पडद्याला दुमड घालत होत्या आणि मिस्त्री शेजारी बसून मशीनचा पट्टा तपासत होते. पट्टा सैल आहे, ते म्हणाले, इतके दिवस कुणाचं लक्ष कुठे होतं.

बाईंनी सुई वर केली. "तुम्ही आजारी होतात ना, तेव्हा फार चांगले होतात," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. चहाचं, हाताचं, बाकाचं, भुताच्या कपड्यांचं, सगळं. सांगताना त्यांनी वर बघितलं नाही. मिस्त्रींनी मध्ये एकदा "खोटं" म्हटलं. पट्टा त्यांच्या हातात तसाच राहिला.

"मग बंद करू का औषध?" मिस्त्री म्हणाले.

बाईंनी आता वर बघितलं. मिस्त्री चेष्टा करत नव्हते. चेष्टा त्यांना येतच नव्हती.

"आता लिफ्टचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "मी घरीच आहे. कुणाच्या जिवाला धोका नाही."

"आणि तुमच्या?"

"त्या डॉक्टरणीला विचारलंय मी सगळं. हळूहळू झोप वाढत जाते. शेवटी माणूस उठत नाही. पण त्याला वेळ लागतो. मधले महिने तुला बरे जातील." त्यांनी पट्टा बोटांनी ताणून बघितला. "तू सांग. मी बंद करतो."

बाई उठल्या. पडदा खाली पडला, त्यावर त्यांचा पाय पडला. आणि मग त्या ओरडायला लागल्या. त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की समोरच्या घरातली खिडकी आधी उघडली आणि मग घाईघाईने लागली. लाज वाटत नाही का, म्हणाल्या. मी काय मरणाची वाट बघत बसलेय का, म्हणाल्या. एवढं डोकं ठिकाणावर आलंय आणि सुचलं तर हे सुचलं, म्हणाल्या. इतकी वर्षं साधं कशी आहेस म्हणून विचारलं नाही आणि विचारलं तर असलं विचारता, म्हणाल्या. मग त्या फडताळापाशी जाऊन बाटली घेऊन आल्या. चमच्यात औषध ओतायला गेल्या तर निम्मं जमिनीवर सांडलं.

मिस्त्रींनी त्यांच्या हातून बाटली काढून घेतली.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "घेतो."